पार्लरचं नाव: आधी कानाला, मग पाटीला

प्रश्न असा आहे: ऐरोलीत सोसायटीच्या तळमजल्यावर १० फूट दर्शनी भागाचा गाळा घेतलाय. फक्त महिलांसाठी ब्युटी पार्लर काढायचंय, दोनेक वर्षांनी ब्युटिशियनचे क्लासही घ्यायचेत. मनात तीन नावं आहेत: 'शृंगार', 'ग्लो अँड ग्लॅम' आणि मुलीच्या नावावरून 'श्रेया'. पाटीवाला परवापर्यंत नाव मागतोय. कोणतं ठेवावं?

ताई, सगळ्यात आधी पाटीवाल्याला आठ-दहा दिवस थांबवा. पाटी हे शेवटचं काम आहे. आज घाईने पाटी लावली आणि सहा महिन्यांनी नाव बदलावं लागलं, तर पाटीबरोबर बिलबुक, काचेवरचं व्हिनाईल, क्यूआर कोड, बँक खातं, गुमास्ता (दुकानाची सरकारी नोंद), गूगलवरची नोंद आणि इन्स्टाग्राम हे सगळंच बदलावं लागतं. शिवाय तोवर ज्या बायका जुन्या नावाने ओळखू लागल्या, त्यांना वाटतं पार्लर बंद झालं.

पार्लरचं नाव निवडताना आपण ते कागदावर लिहून बघतो आणि 'छान दिसतंय' म्हणून पसंत करतो. वापरलं मात्र ते तोंडाने जातं. लिफ्टमध्ये, ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात, शाळेच्या गेटवर. "आयब्रो कुठे केल्यास गं?" याचं उत्तर सांगणारीला एका दमात देता आलं पाहिजे. ऐकणारीला घरी जाऊन तेच नाव फोनवर शोधता आलं पाहिजे. या दोन गोष्टी जमत नसतील, तर अर्थ कितीही सुंदर असला तरी ते नाव कामाचं नाही.

आता तुमची तिन्ही नावं या कसोटीवर लावून बघू.

'शृंगार' बोलायला सोपं आहे, घोडं अडतं ते लिहिताना. देवनागरीत 'श'ला ऋकार लागून 'शृ' होतो, पण कितीतरी पाट्यांवर त्यात आणखी एक 'र' घुसवून 'श्रृंगार' रंगवलेलं दिसतं. तुमचा पाटीवालाही तेच करण्याची शक्यता आहे. इंग्रजीत तर आणखी गोंधळ. मराठी माणूस ऋ चा उच्चार 'रु' करतो, हिंदी भाषक 'रि' करतो. सुरुवातीला 'एस' की 'एसएच', शेवटी एक 'ए' की दोन? एका नावाची सात-आठ स्पेलिंगं सहज होतात, आणि ऐकणारी जे टाईप करेल ते तुमचं असेलच असं नाही. त्यावर कडी म्हणजे हा शब्द या धंद्याचाच आहे. पार्लर, बांगड्यांचं दुकान, कॉस्मेटिक्सचं दुकान, सगळ्यांनाच तो लागू पडतो, म्हणून तो कुणा एकीचा होऊ शकत नाही.

'ग्लो अँड ग्लॅम' लक्षात राहत नाही. पंधरा दिवसांनी ते 'ग्लॅम अँड ग्लो' होतं, मग 'ते ग्लो काहीतरी'. दोन्ही शब्द पार्लरच्या पाट्यांवर इतके वापरून झालेत की वेगळेपणा उरलेला नाही. शिवाय कातडीच्या रंगाशी किंवा चमकेशी बांधलेली नावं काळाबरोबर जुनी होतात. 'फेअर अँड लव्हली'सारख्या घराघरांत पोचलेल्या नावालाही २०२० मध्ये 'ग्लो अँड लव्हली' व्हावं लागलं, कारण गोरेपणा विकणं लोकांना खटकू लागलं. त्यामुळे 'गोरी', 'उजळ', 'फेअर' असलं काही नावात आणूच नका. तुमच्या खुर्चीत बसणाऱ्या बहुतेक बायका सावळ्या किंवा गव्हाळ असणार आहेत. त्यांना पाटी वाचूनच कमी वाटावं, असं नाव का ठेवायचं?

'श्रेया' तिघांत बरं आहे. बोलायला, शोधायला सोपं, आणि आईने मुलीचं नाव दिलंय यात माया आहे. पण माणसाच्या नावाचे काही परिणाम आधीच माहीत हवेत. गिऱ्हाईक तुम्हालाच 'श्रेयाताई' म्हणणार, हे एक. दुसरं, पहिली नावं अतिशय सामान्य असतात. ठाणे, मुलुंड, वाशी धरून त्याच नावाची आणखी पार्लरं निघण्याची शक्यता मोठी. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नाव मालकिणीचं असलं की प्रत्येकीला मालकिणीचाच हात हवा असतो. ब्रायडल मेकअपमध्ये तो फायदा आहे, तिथे लोक माणूस बघूनच बुकिंग करतात. पण रोजचं थ्रेडिंग, वॅक्सिंग, क्लीन-अप तीन मुली ठेवून चालवायचं असेल, तर "तुम्हीच करा ना ताई" हे वाक्य धंद्याची वाढ अडवतं. पुढेमागे पार्लर चालतं-बोलतं विकायचं झालं तर माणसाचं नाव विकायला अवघड. दोघी भागीदारांच्या नावांची अर्धी-अर्धी अक्षरं जोडून केलेल्या नावाचं तर भागीदारी मोडली की दोघींच्याही हाती काही राहत नाही.

मग नाव आणायचं कुठून? धंद्याचं थेट वर्णन करणारा शब्द टाळा, पण धंद्याची आठवण करून देणारा शब्द शोधा. मोठ्या ब्रँडांनी हेच केलंय. 'नायका' हे नाव संस्कृत 'नायिका'वरून आलं. १९५२ मध्ये टाटांनी सुरू केलेल्या 'लॅक्मे'चं नाव एका फ्रेंच ऑपेरातल्या नायिकेचं, आणि ते मुळात 'लक्ष्मी'चंच फ्रेंच रूप. दोन्हींत 'ब्युटी' हा शब्द नाही, तरी कळायचं ते कळतं.

मराठीत या कामासाठी शब्दांचं मोठं घबाड आहे, फक्त ते पार्लरच्या कॅटलॉगमध्ये नाही, आजीच्या बोलण्यात आहे. वेणीफणी, फणेरपेटी, करंडा, अंबाडा, खोपा, गजरा, उटणं, शिकेकाई, वाळा, नागरमोथा. कांतीबद्दलचे शब्द: तजेला, तुकतुकी, लकाकी, नितळ, आरसपानी. फुलं: अबोली, बकुळी, सोनचाफा. वही घ्या आणि एका बैठकीत असे चाळीस शब्द लिहून काढा. त्या वेळी चांगलं-वाईट ठरवू नका. दुसऱ्या दिवशी चाळणी लावा.

पहिली चाळणी मराठीच्या सामान्यरूपाची. ही गोष्ट पाटी लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मराठीत नाव नुसतं उच्चारलं जात नाही, त्याला 'ला', 'त', 'चं' लागतं, आणि ते लागताना शब्दाचं रूप बदलतं. 'आरसा' हे नाव छोटं आणि देखणं आहे. पण "आरशात ये" म्हटलं की विचित्र होतं, आणि "आरसामध्ये ये" म्हणताना जीभ अडते. 'करंडा', 'गजरा', 'अंबाडा' यांचं तेच: 'करंड्यात', 'गजऱ्यात', 'अंबाड्यात'. आकारान्त पुल्लिंगी शब्दांची ही अडचण कायमची आहे. 'अबोली', 'वेणीफणी' असे ईकारान्त शब्द सरळ चालतात: अबोलीत गेले होते, वेणीफणीचं फेशियल चांगलं आहे. प्रत्येक नाव या चार वाक्यांत मोठ्याने म्हणून बघा: "मी … ला जाऊन येते", "… मध्ये ये", "… चं वॅक्सिंग चांगलं असतं", "… वाल्या ताईंचा नंबर दे". एका जरी वाक्यात थबकलात तरी ते नाव मागे ठेवा.

दुसरी चाळणी बिगरमराठी जिभेची. ऐरोलीत एकीकडे गावठाणातली आगरी-कोळी घरं, दुसरीकडे सेक्टरमधली मध्यमवर्गीय कुटुंबं आणि तिसरीकडे माईंडस्पेस या आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या देशभरच्या मुली. तिघींच्या तोंडात नाव बसलं पाहिजे. 'ळ' असलेलं नाव बदलतं, 'काजळ'चं 'काजल' होतं आणि 'नितळ'चं 'नितल'. 'चांदणी'तला 'च' आपण दंततालव्य, म्हणजे 'चमचा'मधल्यासारखा म्हणतो, बाकीचे 'चाय'मधला म्हणतात. हे बदल चालवून घेता येतात, पण लिहिताना फाटे फुटतात, ते मात्र चालवून घेऊ नका. 'फ' हा असाच फसवा वर्ण आहे. 'वेणीफणी' इंग्रजीत लिहायचं तर 'पीएच' घ्यायचा की 'एफ'? असं नाव फार आवडलं असेल तर एक स्पेलिंग पक्कं करा आणि दुसऱ्या स्पेलिंगचं इन्स्टाग्राम खातंही तुमच्याच नावावर उघडून ठेवा, त्यावर फक्त 'इकडे या' एवढीच एक पोस्ट.

'नखशिखान्त' या नावाचंही उदाहरण घेण्यासारखं आहे. नखापासून शेंडीपर्यंत, म्हणजे पेडिक्युअरपासून हेअर स्पापर्यंत. यापेक्षा चपखल अर्थ मिळणार नाही. पण इंग्रजीत ते बारा-तेरा अक्षरांचं होतं, त्यात तीन 'एच' येतात, आणि एकदा ऐकून कुणालाही ते बरोबर टाईप करता येत नाही. अर्थाला शंभर गुण असूनही नाव बाद. उलट 'निगा' बघा. 'केसांची निगा' यातला, दोन अक्षरांचा, सोपा. पण रोमन लिपीत लिहिला की तो इंग्रजीतल्या कृष्णवर्णीयांबद्दलच्या एका वांशिक शिवीसारखा दिसतो. आयटीतल्या मुलींना ते पहिल्या नजरेत खटकेल. म्हणून प्रत्येक नाव रोमन अक्षरांत लिहून एखाद्या कॉलेजच्या मुलीला आणि एका गुजराती, एका दाक्षिणात्य शेजारणीला दाखवाच.

तिसरी चाचणी फोनची. पाच-सहा नावं उरली की दहा-बारा ओळखीच्या बायकांना फोन करा. नाव एकदाच सांगायचं, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि ते इंग्रजीत टाईप करून पाठवायला सांगायचं. शक्यतो स्टेशनच्या गोंगाटात किंवा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत असताना. दहापैकी आठ जणींनी एकच स्पेलिंग पाठवलं तर नाव पास. सहा किंवा कमी जणींनी, तर ते सोडा. चार दिवसांनी त्यांनाच विचारा, "मी कुठलं नाव सांगितलं होतं?" जे आठवलं ते टिकणारं. 'आवडलं का?' असं मात्र विचारू नका. नातेवाईक प्रत्येक नावाला 'छान' म्हणतात.

देवांच्या नावाबद्दल एक शब्द. आगरी-कोळी समाजात कार्ल्याच्या एकवीरेवर अपार श्रद्धा आहे, आणि इथल्या वधूंचं, हळदीचं काम मिळावं म्हणून तिचं नाव द्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण त्याच श्रद्धेने ते नाव हॉटेलपासून हार्डवेअरपर्यंत अनेकांनी ठेवलेलं असतं. शिवाय पार्लरचं बिल, पिशवी, पत्रक शेवटी जमिनीवर पडतं. देवीचा फोटो गल्ल्यामागे लावा, पाटीवर दुसरं नाव ठेवा. अंकशास्त्राचंही तसंच. घरच्यांना ते बघायचं असेल तर चाळणीतून उरलेल्या चार नावांतून त्यांना एक निवडू द्या, पण बेरीज जुळवण्यासाठी स्पेलिंगमध्ये जादा 'ए' किंवा 'आय' घालू देऊ नका. ते अक्षर कुणी टाईप करत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या पानावर पोचतं.

जागेचं नाव जोडायचा मोह टाळा. 'सेक्टर ८' ऐरोलीतही आहे, वाशीतही, नेरूळलाही. भाड्याचा गाळा बदलला की ते नाव खोटं ठरतं.

आता नावामागे कोणता शब्द लावायचा ते. इथे चूक झाली तर चुकीचं गिऱ्हाईक दारात येतं. आपल्याकडे 'सलून' म्हटलं की अजूनही पुरुषांच्या केशकर्तनालयाचं चित्र उभं राहतं. ठाण्या-नवी मुंबईच्या मॉलमध्ये 'सलून' म्हणजे युनिसेक्स हेही रुळलंय. फक्त महिलांसाठी असेल तर 'ब्युटी पार्लर' हाच शब्द सगळ्यात स्पष्ट आहे, आणि त्याखाली 'फक्त महिलांसाठी' ही ओळ हवीच. वॅक्सिंगला येणारी बाई ती ओळ वाचूनच दार ढकलते. 'स्टुडिओ' मेकअपपुरतं ठीक. 'स्पा' लिहिलं की सोसायटीची कमिटी आणि गाळामालक दोघेही प्रश्न विचारू लागतात. मसाज हेच मुख्य काम नसेल तर तो शब्द नको. 'क्लिनिक' तर नकोच. लेझर, इंजेक्शन, औषधोपचार ही डॉक्टरांची कामं, आणि डॉक्टर नसताना त्या शब्दाने गिऱ्हाइकाची दिशाभूल होते. 'अकॅडमी' आज लिहू नका. मुख्य नाव स्वतंत्र असलं की दोन वर्षांनी त्याच नावाला 'अकॅडमी' जोडता येतं. म्हणूनच 'अमुक हेअर' किंवा 'अमुक मेंदी' अशी एका कामाला बांधलेली नावं टाळायची.

नावं दोन-तीन उरली की ट्रेडमार्क, म्हणजे त्या नावावर कुणाची कायदेशीर नोंदणी आहे का, ते तपासा. याला पैसे लागत नाहीत. 'आयपी इंडिया' या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध आहे. ट्रेडमार्कमध्ये वस्तू आणि सेवांचे ४५ वर्ग असतात. पार्लरच्या सेवा वर्ग ४४ मध्ये, कॉस्मेटिक्स वर्ग ३ मध्ये, प्रशिक्षण वर्ग ४१ मध्ये आणि वस्तूंची दुकानदारी वर्ग ३५ मध्ये येते. आधी 'वर्डमार्क' (शब्दावरून शोध) निवडा, वर्ग ४४ टाका आणि 'कंटेन्स' हा पर्याय घ्या. 'स्टार्ट विथ' घेतलं तर नाव दुसऱ्या शब्दात असलेले अर्ज दिसत नाहीत. सगळी स्पेलिंगं एकेक करून टाका. मग 'फोनेटिक' शोध करा, त्यात सारख्या उच्चाराची नावं येतात. हेच वर्ग ३ आणि ४१ साठी पुन्हा, कारण तुम्हाला क्लास काढायचेत.

निकालात 'रजिस्टर्ड' दिसलं तर ते नाव सोडा. 'ऑब्जेक्टेड' किंवा 'अपोज्ड' म्हणजे अर्ज मेलेला नाही, वाद चालू आहे. तेही टाळलेलं बरं. 'अबँडन्ड' किंवा 'रिफ्यूज्ड' असेल तर कारण वाचा, कारण ज्यासाठी त्यांना नाकारलं त्यासाठी तुम्हालाही नाकारतील. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट १९९९ च्या कलम ९ खाली सेवेचं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा नोंदवलं जात नाही. 'सौंदर्य ब्युटी पार्लर'सारख्या नावाला कायद्याचं कवच मिळणं म्हणूनच अवघड.

नोंदवहीत नाव सापडलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. नोंदणी न करता एखादी बाई मुलुंडला पंधरा वर्षं त्याच नावाने पार्लर चालवत असेल, तर आधीपासूनच्या वापराला कायद्यात वजन आहे (कलम ३४). तुम्ही नंतर नोंदणी करून तिला थांबवू शकत नाही, उलट तीच तुमच्याविरुद्ध नावाची नक्कल केल्याचा दावा करू शकते. त्यामुळे गूगल मॅपवर ऐरोली, ठाणे, मुलुंड, कोपरखैरणे, वाशी अशी एकेका भागात तेच नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये शोधा, इन्स्टाग्रामवरही. कज्जा झाला नाही तरी रोजचा त्रास असतो. तिचं वाईट रेटिंग तुमच्या नावावर पडतं, तुमची नवरी तिच्या दारात जाऊन उभी राहते.

नोंदणी करायची असेल तर ऑनलाईन अर्जाला व्यक्ती किंवा लहान उद्योगासाठी एका वर्गाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये आहे, वकिलाची फी वेगळी. एकच अर्ज परवडत असेल तर लोगोचा न करता शब्दाचा करा आणि वर्ग ४४ घ्या. लोगो बदलतो, शब्द राहतो. तपासणी अहवालात हरकत आली तर ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ही मुदत चुकल्याने पुष्कळ अर्ज फुकट जातात. नाव ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापल्यावर इतरांना विरोधासाठी चार महिने असतात. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालते, नंतर नूतनीकरण. अर्ज केल्यापासून नावापुढे 'टीएम' लिहायला हरकत नाही, पण वर्तुळातला 'आर' नोंदणी झाल्यावरच. त्याआधी तो लावणं बेकायदेशीर आहे.

नोंदणी करा किंवा करू नका, वापराचा पुरावा पहिल्या दिवसापासून जमवा: पाटीचा तारखेसह फोटो, पहिलं बिल, पाटीवाल्याची पावती, उद्घाटनाची पत्रिका. एका फाईलमध्ये ठेवून द्या.

कागदपत्रांत एकच पथ्य पाळायचं. सगळीकडे नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद किंवा सूचना, म्हणजे ज्याला आपण गुमास्ता म्हणतो, ती धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाईन करायची असते. 'उद्यम' या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीत तेच नाव. बँकेत मालकीच्या धंद्याचं चालू खातं उघडताना धंद्याच्या नावाचे कागद मागतात. एका कागदावर 'पार्लर' आणि दुसऱ्यावर 'ब्युटी पार्लर' असलं की अर्ज परत येतो. जीएसटी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीवर लागतो. तो घेतलात तर त्यातलं 'ट्रेड नेम' हेच नाव असू द्या. पुढे ते बदललं तर १५ दिवसांत दुरुस्ती अर्ज करावा लागतो. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढायची नसेल तर कंपनी नोंदणीकडे नाव राखून ठेवायची गरज नाही.

गूगलवरच्या नोंदीत पाटीवर आहे तेवढंच नाव टाका. 'अमुक ब्युटी पार्लर बेस्ट ब्रायडल मेकअप ऐरोली' अशी शेपटी लावणं त्यांच्या नियमांत बसत नाही, तक्रार झाली तर नोंदच बंद होते. ते काम 'प्रकार' आणि 'सेवा' या रकान्यांत करायचं. पडताळणीसाठी बहुधा व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, पाटी आणि तुम्ही शटर उघडताना दिसावं लागतं. म्हणजे पाटी आधी, पडताळणी नंतर.

आणि आता पाटी. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही कमी असले तरी प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणं बंधनकारक आहे. दुसरी लिपी चालते, पण मराठी आधी आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती कधीच संपली. नाव इंग्रजी शब्दाचं असलं तरी चालतं, लिपी देवनागरी हवी. म्हणूनच नाव निवडताना ते देवनागरीत कसं दिसतं हे आधी बघायचं. कागदावर १ सेंटीमीटर उंचीच्या अक्षरांत ते लिहा आणि दहा फुटांवरून वाचून बघा.

तुमची पाटी १० फूट बाय ३ फूट धरू, म्हणजे १२० इंच बाय ३६ इंच. वर-खाली तीन-तीन इंच मोकळे सोडले की ३० इंच उरतात. रोमन अक्षर ८ इंच उंच घेतलं तर देवनागरी अक्षराचा मुख्य भागही किमान ८ इंच हवा. पण त्याच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो, म्हणून त्या ओळीला एकूण १३ इंच द्यावे लागतात. 'ब्युटी पार्लर, फक्त महिलांसाठी' ही ओळ ३ इंचांची. ओळींमध्ये तीन-तीन इंचांच्या दोन फटी. तेरा, आठ, तीन आणि सहा मिळून तीस. पाटीवाले देवनागरीची एकूण उंचीच ८ इंच धरतात, आणि मग मराठी इंग्रजीपेक्षा लहान दिसतं. हे मापात लिहून द्या. एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं, या हिशेबाने ८ इंचांचं नाव समोरच्या फुटपाथवरून वाचता येईल.

रुंदीत दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच सोडले की १०८ इंच उरतात. ८ इंच उंचीचं अक्षर अंतरासकट सात इंच जागा खातं, म्हणजे जेमतेम पंधरा अक्षरं. यापेक्षा लांब रोमन नाव घेतलंत तर अक्षर बारीक करावं लागेल.

उठावाची एलईडी अक्षरं करणार असाल तर अनुस्वार, वेलांटीचा वरचा भाग आणि रफार हे कित्येकदा वेगळे तुकडे करून चिकटवतात. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात अनुस्वाराचा ठिपका गळून पडतो आणि 'कांती'ची 'काती' होते, 'रंग'चा 'रग'. नावात अनुस्वार असेल तर तो शिरोरेषेला जोडून एकाच तुकड्यात कापून घ्या किंवा मागून स्क्रूने बसवून घ्या, नुसत्या गोंदाने नको. दाट जोडाक्षरांच्या पोकळ्याही लहान आकारात भरून जातात, त्यामुळे जाड फॉन्ट टाळा. जीएसटी नंबर असेल तर तो नियमाप्रमाणे प्रवेशाजवळच्या नामफलकावर लागतो. १५ अक्षरांची ती जागा आत्ताच राखून ठेवा. पाटी गाळ्याच्या दर्शनी भागाबाहेर, वर किंवा रस्त्यावर येत असेल तर महापालिकेच्या विभाग कार्यालयात परवानगीचं विचारून घ्या. सोसायटीची लेखी संमती तर कोणत्याही परिस्थितीत घ्या.

तुमच्या बाबतीत माझं मत सांगते. 'शृंगार' आणि 'ग्लो अँड ग्लॅम' सोडून द्या. 'श्रेया' मनातून जात नसेल तर ती एकटी न ठेवता आजीच्या शब्दांतला एखादा जोडून बघा. 'श्रेयाज वेणीफणी' किंवा 'श्रेया अबोली' अशी दोन शब्दांची नावं शोधात वेगळी पडतात आणि लेकीचं नावही राहतं. पण हे फक्त नमुने आहेत. वर सांगितलेली फोनची चाचणी, वर्ग ४४ आणि ४१ चा शोध, नकाशावरची पाहणी यांतून जे तरेल तेच घ्या. पाटीवाल्याला हातात द्यायच्या कागदावर नाव देवनागरीत स्वच्छ अक्षरात, खाली रोमनमध्ये, मापांसकट लिहा. त्याने काढलेला नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून एकेक वेलांटी तपासा आणि मगच 'छाप' म्हणा.